पाच दिवसांत चढलेलं मीठ: पुण्यातल्या एका घरगुती रीफ टँकचं प्रकरण

पुण्यात बाणेरला माझ्या मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल असलेला. हिवाळ्यात सुरू केला, फेब्रुवारीपर्यंत छान बसला, आणि एप्रिलच्या शेवटी एकदम सगळं बिघडलं. झोआ (बटणांसारखे छोटे कोरल) मिटले ते उघडेनात, लेदर कोरलने (हा मऊ कोरल) मान टाकली, टर्बो गोगलगायी काचेवरून पडून वाळूत उलट्या पडलेल्या, आणि क्लीनर श्रिंप (कोळंबी) कात टाकताना मेली. दादाचं आणि त्याला फोनवर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचं मत एकच, लाइट जास्त झाला. लाइट महागातला होता ना, त्यामुळे संशय आधी त्याच्यावरच.

लाइटचा काहीही संबंध नव्हता. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे टँक लावताना पैसा आणि लक्ष दोन्ही लाइट आणि कोरलकडे जातं, आणि खरी झुंज असते ती पाणी आटण्याशी. ते समजलं नाही तर बाकीचं सामान कितीही भारी आणा, उपयोग नाही.

टँक कसा लावला होता

मेन टँक १२० बाय ४५ बाय ५० सेंटीमीटर, १२ एमएम काच. खाली स्टँडमध्ये ९० बाय ४० बाय ४० चा संप, म्हणजे पंप-फिल्टर बसवायची दुसरी टाकी. दगड-वाळूची जागा वजा करून सगळं मिळून पाणी २८० लिटरच्या आसपास, आणि हा २८० आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

वजन काढलं तर खारं पाणीच जवळपास २९० किलो, काच सत्तरच्या घरात, त्यावर दगड, वाळू, संप, लोखंडी स्टँड, म्हणजे साधारण अर्धा टन झाला. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने असतं, त्यामुळे हॉलच्या मधोमध असला टँक ठेवायचा विचारसुद्धा करू नये. दादाने सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून बीमवरच्या भिंतीला लागून जागा ठरवली आणि फॅब्रिकेटरकडून स्टँडच्या पायांखाली सलग पट्टी मारून घेतली म्हणजे चार टोकांवर सगळा भार येत नाही. हे काम त्याने उत्तम केलं, इथे सांगण्यासारखं काही नाही.

संपचं पण तसंच. वीज गेली की रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर पाठवणारा) थांबतो आणि वरचं पाणी पाइपमधून उलटं खाली यायला लागतं, ते नॉझल हवेत उघडं पडेपर्यंत येत राहतं. या टँकमध्ये पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. नॉझल चार सेंटीमीटर खोल असेल तर झाले साडेएकवीस लिटर, तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी पाहिजे नाहीतर महावितरणच्या कृपेने हॉलमध्ये खारं पाणी. त्याने नॉझल वर घेतलं, पाण्याच्या पातळीजवळ पाइपला छोटं भोक पाडलं म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटतो, आणि संप ५० लिटरच्या वर कधी भरायचा नाही अशी खूण केली. पंप बंद करून दोनतीनदा करून बघितलं. पंपांच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिलेला म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतं. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना यात काटकसर नकोच.

बाकी सामान नेहमीचं: प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारा), रिटर्न पंप, दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे), हीटर, एलईडी लाइट. दगड सगळा कोरडा, वाळू अ‍ॅरागोनाइटची. घरातल्या कोणीतरी सुचवलं होतं की वाळू विकत कशाला, पुढच्या वेळी रत्नागिरीहून पोतं भरून आणू, ते मी तिथेच थांबवलं, कारण तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोह-टायटॅनियमची खनिजं असतात, पंपाच्या चुंबकाला कण चिकटतात आणि टँकमध्ये काय काय मिसळेल त्याचा भरवसा नाही.

कोरडा दगड घेण्यामागे कायद्याचं कारणही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे घातले गेले. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या १८ कोरल वसाहती २०२० मध्ये हलवल्या, त्यासाठीसुद्धा रीतसर परवानगी काढावी लागली होती. तेव्हा 'मालवणचा लाइव्ह रॉक (समुद्रातून काढलेला, जीव असलेला दगड) आहे, स्वस्तात देतो' म्हणणारा कोणी भेटला तर सरळ पाठ फिरवायची. दादाच्या टँकमध्ये झोआ, मशरूम आणि लेदर एवढेच कोरल आहेत, सगळं दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमध्ये वाढलेलं. क्लाउनफिशची जोडी हॅचरीतली. तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास जमवून बरीच वर्षं झाली आणि आपल्या ऐरोलीलाही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि एनबीएफजीआर (माशांच्या आनुवंशिक संसाधनांची केंद्रीय संस्था) यांनी समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केलीय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा आणायची आता गरजच नाही.

सायकलिंगही, म्हणजे मासे सोडायच्या आधी टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया वाढवणं, त्याने घाई न करता केलं. अमोनिअम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यायचा, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर यायला लागला, नायट्राइटही शून्य दिसलं की मगच पहिला मासा. सव्वा महिना लागला, तो थांबला. म्हणजे हा माणूस निष्काळजी अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एप्रिल

हिवाळ्यात टँक रोज दोन लिटरच्या आसपास आटायचा आणि दादा सकाळी किचनमधल्या प्युरिफायरचं पाणी घालायचा. एप्रिलमध्ये बाहेर ३९-४०, हॉलमध्ये दुपारी ३३, वर पंप आणि लाइटची उष्णता, टँकचं पाणी ३१ च्या वर गेलं. कोरलला २५-२६ बरं पडतं, ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर त्यांच्या पेशींतलं शैवाल बाहेर पडायला लागतं आणि कोरल पांढरं पडतं. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) महाग म्हणून त्याने पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले. टँक २७ वर आला. पुण्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती खरोखर चालते, नुसता जुगाड म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

पण थंडावा फुकट येत नाही, पाणी आटतं म्हणूनच तो येतो. दोन लिटरचे सात लिटर झाले. एक लिटर पाणी आटताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, सात लिटरचे झाले १७ हजार, दिवसभरावर वाटलं तर सरासरी २०० वॅट उष्णता पंधराएक वॅटच्या पंख्यांनी बाहेर काढली. फार सुंदर सौदा आहे हा, फक्त ते सात लिटर रोज बरोब्बर भरून निघाले पाहिजेत, आणि गोड्याच पाण्याने.

नेमका त्याच वेळी दादा ऑफिसच्या कामाने सोमवार ते शुक्रवार बेंगळुरूला. टँक वहिनींकडे. त्यांनी पाच दिवस एकदाही न चुकता संध्याकाळी संप खुणेपर्यंत भरला. कशाने, तर कोपऱ्यात मीठ कालवून तयार ठेवलेल्या निळ्या ड्रममधल्या पाण्याने. तो ड्रम पाणी बदलण्यासाठी होता. सामान देणाऱ्या दुकानदाराने 'ड्रम कायम तयार ठेवा, लागेल तसं पाणी वापरा' एवढंच सांगून ठेवलेलं, बदलायचं पाणी वेगळं आणि भरायचं वेगळं हे त्या घरात कोणी फोडून सांगितलंच नव्हतं.

मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच पाणी घालायचं ना? मी तर मापाने घातलंय." विचार केला तर यात चूक दिसतच नाही. पण आटतं ते फक्त पाणी, मीठ सगळं मागे टँकमध्येच राहतं.

आता हिशोब करा. रोज सात लिटर, प्रत्येक लिटरात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे रोज २४५ ग्रॅम जास्तीचं. २८० लिटरला वाटलं तर दिवसाला ०.९ पीपीटीच्या (हजार भागांत किती भाग मीठ) जवळपास खारटपणा वाढला. पाच दिवसांत ३५ चं ३९. दादा परत आल्यावर पुन्हा प्युरिफायरचं पाणी घालायला लागला, त्यामुळे ते वाढायचं थांबलं, पण उतरणार कसं? ३९ वरच बसून राहिलं. अधेमधे थोडं पाणी बदललं त्यानेही फार फरक पडत नाही.

आणि तो इकडे लाइट कमी करतोय.

पकडलं कसं

दादाकडे खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर होता, प्लास्टिकच्या डबीत काटा वर-खाली होणारा, गोड्या पाण्यापेक्षा हे पाणी किती पट जड ते दाखवणारा. तो दाखवत होता १.०२५, म्हणजे एकदम ठीक. त्यामुळे खारटपणाचा विषय त्याने मनातून काढूनच टाकलेला. मला शंका आली ती त्याच्या वहीतल्या बाकीच्या आकड्यांवरून. दर रविवारी टेस्ट करून लिहून ठेवायची सवय आहे त्याला, फार चांगली सवय.

मार्चमध्ये अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, डीकेएच या एककात) ८.५, कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. आता ९.५, ४७० आणि १४५०.

एकेक आकडा बघितला तर कुठलाच भयंकर नाही, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही. पण तिन्हींचं प्रमाण काढा, प्रत्येक जण साधारण नवव्या हिश्श्याने चढलाय. कोणी डोसिंगमध्ये, म्हणजे वरून क्षार घालण्यात, गडबड केली तर एक आकडा चढतो, फार तर दोन. कोरल वाढत असतील तर अल्कलिनिटी आणि कॅल्शियम उतरायला पाहिजे. तिन्ही एकाच प्रमाणात वर जातात तेव्हा पाण्यातलं सगळंच दाट झालेलं असतं. ३५ चं ३९ म्हणजे जवळपास नववाच हिस्सा.

मी माझा रिफ्रॅक्टोमीटर नेला होता, पाण्यात प्रकाश किती वळतो यावरून खारटपणा दाखवणारा. आधी तो तपासून घेतला, कारण नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर लावलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला बरोबर असेलच असं नाही. घरच्या घरी तपासायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये समुद्राच्या ३५ पीपीटी पाण्यासारखंच दिसतं. त्यावर ३५ लावला आणि टँकचा एक थेंब काचेवर ठेवला. निळी रेघ ३९ वर. दादाने स्वतः डोळा लावून बघितलं, पुसून दुसरा थेंब घेतला, पुन्हा ३९. मग हायड्रोमीटर उजेडात धरला तर काट्याच्या खाचेत मिठाचा पांढरा थर बसलेला आणि काटा त्यात अडकत होता. गरम पाण्याने धुतल्यावर तोही १.०२९ दाखवायला लागला.

एक गोष्ट इथे सांगायला पाहिजे. तांबड्या समुद्रात खारटपणा ४० च्या आसपास असतो आणि तिथे कोरल मजेत वाढतात. म्हणजे ३९ हा आकडा मुळात विष नाही. पण तिथले जीव पिढ्यान्‌पिढ्या त्यातच आहेत, इथल्यांना तो पाच दिवसांत झेलावा लागला. माशांना शरीरातलं मीठ-पाणी सांभाळता येतं म्हणून क्लाउनफिशला फरक जाणवला नाही, श्रिंप आणि गोगलगायींना ते माशांइतकं जमत नाही, म्हणून आधी ते गेले. टँक बिघडतोय का हे बघायचं असेल तर माशांकडे बघून कळणार नाही, गोगलगायींकडे बघा.

उतरवलं कसं

दादाची इच्छा होती की एकदम शंभर लिटर पाणी बदलून मोकळं व्हावं. नको म्हटलं. चढताना जे झालं तेच उतरताना होणार, आणि हे जीव आता आधीच दमलेले. दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त नाही असं ठरवलं. त्याचं गणित सोपं आहे: टँकमधून सात लिटर काढायचं आणि सात लिटर शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार शून्य) गोडं पाणी घालायचं, ३९ चं ३८ होतं. हे रोजच्या आटण्याच्या भरपाईव्यतिरिक्त. चार दिवसांत ३५ आलं. लेदरने आधी अंगावरची मेणचट साल टाकली, मग आठवडाभराने पॉलिप (कोरलची फुलांसारखी तोंडं) बाहेर काढले. झोआ त्याच्या आधीच उघडले होते. दोन फ्रॅग (दगडावर लावलेले कोरलचे छोटे तुकडे) नाही वाचले.

ते मेलेले फ्रॅग काढताना हातमोजे आणि चष्मा घालायला लावला. झोआ आणि विशेषतः त्यांच्याच कुळातल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते जबरदस्त विषारी असतं. असा दगड उकळत्या पाण्यात टाकणं, गरम पाण्याने घासणं, सुकलेला ब्रशने खरवडणं हे कधीच करू नका, वाफेतून आणि फवाऱ्यातून घरातली माणसं हॉस्पिटलात जाऊ शकतात. लहान मुलं असलेल्या घरात हे आधी सांगायला पाहिजे, कोरल विकताना सांगितलं जातंच असं नाही.

शून्य टीडीएस आणि वहिनींचा तोडगा

पाणी घालायला निघालो तेव्हा दुसरी भानगड दिसली. किचनच्या प्युरिफायरच्या पाण्याचा टीडीएस ७०. पिण्यासाठी एकदम छान, मुद्दाम तसा ठेवलेला असतो, चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी त्यात मिसळतात. पण टँकमध्ये ते रोज घालत गेलं की त्यातले क्षार, सिलिकेट, फॉस्फेट साठत जातात, त्यातलंही काही उडून जात नाही. मार्चपासून काचेवर जो तपकिरी थर आणि दगडावर शैवालाचे हिरवे केस येत होते, ज्यासाठी दादा दोन वेगवेगळी औषधं टाकून बसला होता, त्याला हे पाणी खतपाणी घालत होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीला टँकर येतो, बोअरचं पाणी, टीडीएस ७५० निघाला. वेगळं युनिट बसवलं: सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन. मेंब्रेननंतर २२, रेझिननंतर शून्य. कॉर्पोरेशनचं पाणी असतं तेव्हा रेझिन खूप टिकतं, टँकरच्या पाण्यावर पटकन संपतं, म्हणून टीडीएस मीटर रेझिनच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे लावला.

वहिनींचा इथे आक्षेप आला आणि तो अगदी रास्त होता. आरओ एक लिटर देतो तेव्हा तीन लिटर सोडून देतो, सात लिटर रोज म्हणजे एकवीस लिटर गटारात, आणि ते टँकरच्या दिवसांत. त्यावर तोडगा त्यांनीच काढला, वेस्टची नळी सरळ बाथरूमच्या टाकीत, लादी पुसायला आणि फ्लशला. झाडांना मात्र नको, टीडीएस हजारच्या जवळ जातो त्या पाण्याचा.

पंख्यांना टेंपरेचर कंट्रोलर लावला, २६.५ ला चालू, २६ ला बंद. त्यामुळे रात्री पंखे थांबतात आणि आटणं पाच लिटरवर आलं. चिलर घ्यायचा का, यावर बराच खल झाला. माझं मत स्पष्ट आहे: पुणे, नाशिक, नागपूर, जिथे उन्हाळा कोरडा तिथे टॉप-अप (आटलेलं पाणी भरणं) पक्का असेल तर पंख्यांवर निभावतं. मुंबई, ठाणे, कोकणात मे महिन्यात हवाच ओली, पाणी आटत नाही म्हणून गारही होत नाही, तिथे पहिल्या दिवसापासून चिलर बजेटमध्ये धरा, आणि तो बंद कपाटात नाही तर हवेशीर जागी, कारण टँकमधली उष्णता तो खोलीतच ओतत असतो.

ऑटो टॉप-अप

शेवटी आणला तो ऑटो टॉप-अप, जो खरं तर लाइटच्या आधी यायला हवा होता. संपमध्ये सेन्सर, पाणी जरासं खाली गेलं की बाजूच्या कॅनमधून छोटा पंप गोडं पाणी सोडतो, दिवसातून कितीतरी वेळा थोडंथोडं, त्यामुळे खारटपणा दिवसभर एका जागी. निळ्या ड्रमवर वहिनींनी लाल पेंटने 'बदलायचं, भरायचं नाही' लिहिलं. ऑटो टॉप-अपची पाइप कॅनमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर संपते, खाली राहिली तर कॅनचं पाणी सायफन होऊन सगळं एकदम येऊ शकतं.

कॅन केवढा घ्यायचा यावर दादा आणि मी थोडे भांडलोच. गणपतीत ते लोक पाच दिवस गावाला जातात, त्यामुळे त्याला ६० लिटरचा हवा होता, एकदा भरला की विषय संपला. मी म्हटलं उलटा विचार कर, सेन्सर अडकला आणि कॅनमधलं सगळं पाणी टँकमध्ये उतरलं तर काय होईल ते आधी काढ. ६० लिटर गोडं पाणी २८० मध्ये गेलं तर ३५ चं २९ च्या खाली, आणि वरून संप काठाजवळ, म्हणजे वीज गेल्यावर उतरणाऱ्या पाण्याला जागा फार उरत नाही. २५ लिटर गेलं तर ३२ वर थांबतं, संपातही मावतं, जीव वाचतात. भाद्रपदात पुण्याची हवा ओली असते, पंखे क्वचितच चालतात, आटणं तीन लिटरच्या आत येतं, म्हणजे २५ लिटर आठवडाभर सहज पुरतं. मे महिन्यात गावाला जायचं असेल तर तेवढं जेमतेम पाच दिवस पुरेल, तेव्हा शेजारच्या काकांना मधे एकदा येऊन कॅन भरायला सांगायचं आणि त्यासाठी गोड्या पाण्याचे कॅन वेगळ्या रंगाच्या झाकणाचे, ड्रमपासून लांब, बाल्कनीत. २५ लिटरचाच घेतला.